मंडळी रुजविणारा आणि मंडळी सोडून जाणारा

नांदेड किंवा लातूर यांसारख्या जिल्ह्याच्या गावी रविवारी सकाळी फेरफटका मारणाऱ्याला ख्रिस्ती उपासनेची दोन अगदी निरनिराळी रूपे आढळतात. एकीकडे दगडी कुंपणाचे आवार, फाटक, घंटा आणि दूरच्या धर्मप्रांताने बदलीवर पाठविलेला धर्मगुरू. दुसरीकडे भाड्याची खोली किंवा पत्र्याचे छप्पर, ढोलकीच्या साथीवर चाललेली भजने, आणि आठवडाभर मास्तरकी, शेती वा मजुरी करून रविवारी प्रवचनास उभा राहणारा त्याच वस्तीतला पाळक. सामान्य प्रेक्षकास वाटते की पहिले रूप प्राचीन व दुसरे अर्वाचीन; परंतु पहिल्या शतकातील ख्रिस्ती समुदाय कसे जन्मास आले हे पाहू गेल्यास उलटेच दृष्टीस पडते. त्या काळी आवार नव्हते, घंटा नव्हती, पगारी धर्माधिकारीही नव्हता. कुणा कापडविक्रीणीच्या नाहीतर कुणा तंबू शिवणाऱ्याच्या घरात दहावीस माणसे जमत.

यातून एक कोडे उभे राहते. थेस्सलनीका नगरात प्रेषित पौल किती काळ राहिला याचा हिशेब पाहता ‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथात तीन शब्बाथांचाच उल्लेख आहे. मुक्काम त्याहून काहीसा दीर्घ असला तरी वर्षाच्या आतलाच असावा, आणि तो रातोरात नगर सोडून गेला तेव्हा मागे एक मंडळी उभी होती. उलट आपल्या मुलखात परदेशी मिशनरी बंगला बांधून दोन-दोन, तीन-तीन पिढ्या राहिले, शाळा व इस्पितळे काढली, आणि तरीही कित्येक ठिकाणी लोक त्या समुदायाला अखेरपर्यंत ‘मिशनवाले’ असेच म्हणत राहिले. जो निघून गेला त्याचे काम मुळे धरते, आणि जो ठाण मांडून बसला त्याचे काम उसन्या आधारावर राहते, हे घडते कसे? याचे उत्तर शोधायचे तर प्रेषित नावाच्या माणसाचे नेमके काम काय, येथून आरंभ केला पाहिजे.

प्रेषित कोण, आणि कुणाचा

‘प्रेषित’ ही संज्ञा प्रथम येशूच्या बारा निवडक शिष्यांस लावली गेली, परंतु नव्या करारातच तिचा व्याप त्याहून विस्तृत आहे. पौल त्या बारांपैकी नव्हता. त्याचा सहकारी बर्णबा नव्हता. रोममधील ज्या अंद्रोनीक व युनिया यांचा पौल प्रेषितांच्या संदर्भात गौरवाने उल्लेख करतो तेही नव्हते. फिलिप्पै येथील मंडळीने बंदिवान पौलाकडे मदत देऊन धाडलेल्या एपफ्रदीत नामक इसमालाही मूळ ग्रीक पाठात तोच शब्द लाविला आहे. येशूचे पुनरुत्थान स्वतः पाहिल्याची साक्ष देणारे ते एक वर्तुळ, आणि कुणीतरी अधिकार देऊन एखाद्या कामगिरीवर रवाना केलेले ते दुसरे, अधिक मोठे वर्तुळ, असे दोन अर्थ येथे एकत्र नांदतात.

या दुसऱ्या अर्थाचे महत्त्व विशेष आहे. अंत्युखिया येथील मंडळीने उपवास व प्रार्थना करून बर्णबा व पौल यांच्या मस्तकी हात ठेवले आणि त्यांस पाठविले. आणि प्रवास संपवून ते परतले तेव्हा तीच मंडळी एकत्र बोलावून त्यांनी आपल्या कामगिरीचा वृत्तांत तिच्यापुढे सादर केला. म्हणजे प्रेषित हा स्वयंभू सत्ताधीश नव्हे. तो कुणाचातरी मुखत्यार आहे, त्याला हिशेब द्यावा लागतो, आणि कामगिरी पुरी झाली की त्याची त्या जागेवरील गरजही संपते.

भारताच्या संबंधात बारांपैकी दोघांची नावे जुन्या परंपरेत येतात. थोमाचा संबंध केरळशी जोडला जातो. बर्थलमयाविषयी चौथ्या शतकातील इतिहासकार युसेबियस याने लिहिले आहे की अलेक्झांड्रियाचा पंडित पंतैनुस भारतात गेला तेव्हा त्याला तेथे बर्थलमयाने ठेवून गेलेले मत्तयाचे शुभवर्तमान सापडल्याचे सांगतात. हे स्थळ ठाण्याजवळील कल्याण असावे असे काही अभ्यासकांचे अनुमान आहे. अधिक भक्कम उल्लेख सहाव्या शतकातील ग्रीक प्रवासी कॉस्मस याचा: ‘कल्लियाना’ येथे ख्रिस्ती लोक असून त्यांचा बिशप इराणातून नेमला जातो असे तो नोंदवितो. आपल्या मराठवाड्याची गोष्ट अशी की लातूरच्या पश्चिमेस असलेले तेर, म्हणजे प्राचीन तगर, हे पौलाच्या हयातीत नाही तरी त्याच शतकात रोमन व्यापाराच्या जाळ्यात होते. पैठण व तगर येथून माल गाड्यांवर लादून भडोचच्या बंदराकडे जात असल्याचे एका ग्रीक नाविकाच्या मार्गदर्शिकेत लिहिले आहे. त्या मालवाटेने कुणी सुवार्तिक तेरपर्यंत आला असे मानण्यास आधार नाही, आणि आख्यायिका रचण्याचा मोह येथे आवरलेलाच बरा. ज्या प्रकारच्या वाटांवरून पौल हिंडला, त्या प्रकारची एक वाट आपल्या दारावरून जात होती, इतकेच खरे.

घर, वडील आणि निरोप

पौलाच्या कामाचा क्रम त्याच्या पत्रांतून व ‘कृत्ये’ ग्रंथातून बऱ्यापैकी स्पष्ट दिसतो. तो खेडोपाडी हिंडत नाही. फिलिप्पै, थेस्सलनीका, करिंथ, इफिस अशी हमरस्त्यावरील किंवा बंदराची नगरे निवडतो, कारण तेथून वार्ता आपोआप परगण्यात पसरते. करिंथात तो अक्विल्ला व प्रिस्किल्ला या दांपत्याच्या घरी उतरतो व त्यांच्यासमवेत तंबू शिवण्याचा धंदा करतो. त्यामुळे त्याच्या उदरभरणाचा भार नव्या श्रोत्यांवर पडत नाही, आणि हा मनुष्य पैशासाठी बोलतो असे म्हणण्यास कुणास जागा राहत नाही. फिलिप्पै येथे जांभळ्या कापडाची व्यापारीण लुदिया आपले घर उघडते. एक घर मिळाले की घरातील माणसे, नोकरचाकर, शेजारी आणि गिऱ्हाईक अशी नात्यांची साखळी आपसूक जोडली जाते.

त्यापुढचा टप्पा शिक्षणाचा. करिंथात तो सुमारे दीड वर्ष राहिला, इफिसात दोनतीन वर्षे. ही त्याच्या मुक्कामांतील सर्वांत लांब उदाहरणे होत. आणि मग येतो तो टप्पा, जो मला साऱ्या क्रमाचा कणा वाटतो. पहिल्या प्रवासात लुस्त्र येथे लोकांनी त्याला दगडमार करून मेला समजून गावाबाहेर ओढून टाकले होते. तरीसुद्धा परतीच्या वाटेवर तो त्याच लुस्त्रात, इकुन्यात व पिसिदियातील अंत्युखियात पुन्हा शिरला, आणि प्रत्येक मंडळीत तेथल्याच लोकांतून ‘वडील’ नेमून, उपवास व प्रार्थना करून, त्यांना देवाच्या हाती सोपवून निघाला. हे वडील काही महिन्यांपूर्वीच विश्वासात आलेले होते. बाहेरून शिकलेला, अनुभवी, भरवशाचा कारभारी आणून बसविण्याचा मार्ग त्याला मोकळा होता. त्याने तो घेतला नाही.

घरोघरच्या गृहिणींना ही रीत सांगावी लागणार नाही. शेजारून चमचाभर विरजण आणले, कोमट दुधात घातले, भांडे झाकून ठेवले. सकाळी लागलेले दही हे आपल्याच दुधाचे असते, आणि उद्याचे विरजण त्यातूनच निघते, शेजारणीकडे पुन्हा हात पसरावा लागत नाही. शेजारीण दररोज तयार दही वाटीतून पोहोचवू लागली तर घराला दही मिळेल खरे, परंतु त्या घरात विरजण कधीच असणार नाही.

तथापि निरोप घेणे म्हणजे संबंध तोडणे नव्हे. पौल गेल्यावरही तीन दुवे कायम राहत. पहिला पत्रांचा: थेस्सलनीकाकरांस त्याने इ. स. ५० च्या सुमारास लिहिलेले पत्र हे बहुधा नव्या करारातील सर्वांत जुने लेखन होय, आणि ते एका तरुण, गोंधळलेल्या, छळ सोसणाऱ्या मंडळीच्या प्रश्नांना दिलेले उत्तर आहे. दुसरा दुवा सहकाऱ्यांचा: तिमथ्याला इफिसात व तीताला क्रीत बेटावर ठेवून अपुरी राहिलेली घडी बसविण्याचे काम त्यांच्याकडे सोपविल्याचे त्यांच्या नावच्या पत्रांत आले आहे. तिसरा दुवा पैशाचा, परंतु त्याची दिशा आज आपल्याला चकित करणारी आहे. यरुशलेमेतील मूळ मंडळीतील गरिबांसाठी ग्रीक प्रदेशातील नवजात मंडळ्यांकडून त्याने वर्गणी गोळा केली. मूळ केंद्राकडून शाखांकडे निधी वाहावा ही जी रीत आपण गृहीत धरतो, तिच्या नेमका उलट हा प्रवाह होता.

┌──────────
चौकट: मंडळीतील माणसे

मंडळी: उपासनेसाठी जमणारा व परस्परांस बांधलेला समुदाय, इमारत नव्हे.
सुवार्तिक: शुभवर्तमान प्रथम सांगणारा, तो हिंडता असतो.
प्रेषित: नव्या जागी मंडळीचा पाया घालून ती तेथल्या लोकांकडे सोपविणारा.
वडील: मंडळीतूनच निवडलेले जबाबदार सभासद, कारभार व शिस्त त्यांच्याकडे.
पाळक: मंडळीचे नित्य संगोपन, उपदेश व संस्कार पाहणारा, तो स्थायिक असतो.
बाप्तिस्मा: मंडळीत प्रवेशाचा जलसंस्कार.
└──────────

पौलाला आयते मिळालेले

येथवर वाचून कुणी म्हणेल, मग आमच्याकडे आलेल्या मिशनऱ्यांनी हेच का केले नाही? हा आक्षेप जितका सोपा वाटतो तितका न्याय्य नाही, कारण विरजण लागायचे तर दूध आधी कोमट असावे लागते. पौल ज्या नगरात शिरे तेथे बहुधा यहुद्यांचे सभास्थान असे, आणि त्याच्या ओसरीवर यहुदी नसलेले, परंतु एकेश्वरी श्रद्धेकडे ओढले गेलेले ग्रीक लोक येऊन बसत. त्यांना शास्त्र ठाऊक होते, ते ग्रीक भाषेत उपलब्ध होते, आणि एकच ग्रीक भाषा सीरियापासून रोमपर्यंत चाले. शिवाय इ. स. ४९ च्या सुमारास यरुशलेमेच्या बैठकीत असा निर्णय झाला होता की अन्य समाजांतून येणाऱ्यांवर सुंतेचे बंधन लादू नये. म्हणजे ग्रीक मनुष्याने ग्रीक राहूनच मंडळीत यावे. घर, धंदा, भाषा आणि नगरातील स्थान हे सर्व शाबूत ठेवून तो ख्रिस्ती होऊ शके.

निजामाच्या मराठवाड्यात यातील काय होते? नांदेडच्या बिलोली-देगलूरकडे मराठीत तेलुगू मिसळते, उदगीर-निलंग्याकडे कानडी. उदगीर व अहमदपूर हे तालुके तर त्या काळी बीदर जिल्ह्यात मोडत. दरबारची भाषा प्रथम फारसी, पुढे उर्दू. छापील मराठी शास्त्र वाचू शकणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. आणि सर्वांत अवघड गोष्ट ही की जो मनुष्य बाप्तिस्मा घेई त्याचे घर, धंदा व गावातील स्थान यांपैकी काहीच शाबूत राहत नसे. ब्राह्मण असेल तर जातीबाहेर. मांग किंवा महार असेल तर बलुते बंद, गावकीचे काम बंद, आणि पाणवठा तर आधीपासूनच बंद. अशा मनुष्याला तेथेच ठेवून पुढल्या गावास निघून जाणे हे प्रेषिताचे धैर्य ठरले असते की निष्ठुरता, हा प्रश्न जालन्यास आलेल्या एका मराठी माणसापुढे प्रत्यक्ष उभा राहिला.

जालन्याचे बेथेल

नारायण शेषाद्री हे मुंबईच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेले ब्राह्मण तरुण. १८४३ साली रॉबर्ट नेस्बिट यांच्या हातून त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनच्या घरात राहावयास गेला. पित्याने दाद मागितली; न्यायालयाने अल्पवयीन श्रीपतला पित्याच्या हवाली केले; आणि मग त्याला प्रायश्चित्त देऊन जातीत घ्यावे की नाही यावरून ब्रह्मवृंदात जे वादळ उठले, त्यात बाळशास्त्री जांभेकरांनी त्याला परत घेण्याच्या बाजूने उभे राहून रोष पत्करला. मराठी वाचकांना हे प्रकरण जांभेकरांच्या चरित्रातून ठाऊक असते. ज्याच्यामुळे ते घडले त्या थोरल्या भावाचे पुढे काय झाले, याची चौकशी मात्र फारसे कुणी करीत नाही.

थोरला भाऊ पुढे दीक्षित पाळक झाला आणि १८६० नंतरच्या दशकात निजामाच्या मुलखात, जालन्यास आला. जालना हे हैदराबाद कॉन्टिंजंट फौजेचे ठाणे असल्याने तेथे बाहेरच्या माणसास पाय टेकण्यापुरती जागा होती. त्यांच्या उपदेशास प्रतिसाद आला तो मुख्यत्वे आसपासच्या खेड्यांतील मांग समाजाकडून. म्हणजे एक ब्राह्मण, ज्यांची सावली टाळण्याचे संस्कार घेऊन वाढला, त्यांच्याच पंक्तीस बसून त्यांचा पाळक झाला. या एका गोष्टीचे सामाजिक मोल अद्याप आपल्या इतिहासकारांनी पुरते केलेले नाही, असे माझे मत आहे.

नवख्रिस्ती कुटुंबांना गावात थारा नाही हे पाहून शेषाद्रींनी सालारजंगांच्या दिवाणगिरीत निजाम सरकारकडून जमीन मिळविली आणि जालन्याजवळ ‘बेथेल’ नावाची ख्रिस्ती वसाहत वसविली. शेती, शाळा, प्रार्थनामंदिर आणि हातकामाचे शिक्षण यांच्या आधारे तेथील मनुष्य स्वतःच्या पायावर उभा राहावा ही त्यामागची योजना. १८७३ साली न्यूयॉर्क येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय ख्रिस्ती परिषदेत ते बोलावयास गेले तेव्हा डोईस पागोटे तसेच होते, आणि ख्रिस्ती होण्यासाठी हिंदी माणसाने साहेब व्हावे लागत नाही हे त्यांनी वेषानेच सिद्ध केले. १८९१ साली त्यांचे निधन झाले.

आता यंत्रणेच्या दृष्टीने पाहा. पौलाने थेस्सलनीका सोडली तेव्हा तेथल्या विश्वासूंची घरे त्यांची स्वतःची होती. बेथेलात घरही त्या वसाहतीचे, शेतही तिचेच, आणि सनदेवर सही ज्याच्या खटपटीने झाली तो पाळकच रहिवाशांच्या दृष्टीने पाटील, सावकार आणि भांडणाचा निवाडा करणारा पंच. अशा मनुष्याला निरोप कसा घेता यावा? जमीन मिळविल्याबद्दल शेषाद्रींस दोष देण्यास मी तयार नाही. बलुते तुटलेल्या कुटुंबापुढे प्रवचनाआधी भाकरीचा प्रश्न असतो. परंतु प्रेषित जेव्हा आश्रयदाता होतो तेव्हा त्याचे स्थलांतर ही मंडळीला आपत्ती वाटू लागते, आणि वडील नेमून निघून जाण्याचा तो निर्णायक टप्पा पुढे पुढे ढकलला जातो. छळाने ज्या अवस्थेस जन्म दिला, ती अवस्था छळ ओसरल्यावरही टिकून राहते.

नगरकरांनी घेतलेले वळण

याच सुमारास शेजारच्या अहमदनगर जिल्ह्यात दुसरा प्रयोग चालला होता. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ च्या अखेरीस तेथे ठाणे बसविले. आरंभी तेथेही बंगला, इंग्रजी शाळा आणि मिशनऱ्यांच्या देखरेखीखालील मंडळी हाच क्रम होता. १८५४–५५ मध्ये त्या संस्थेचे बोस्टनमधील चिटणीस रूफस अँडरसन हे हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आले. इंग्लंडमधील हेन्री व्हेन आणि अमेरिकेतील अँडरसन या दोघांनी स्वतंत्रपणे एकच सिद्धांत मांडला होता की मंडळीने आपला कारभार आपण पाहावा, आपला खर्च आपण सोसावा आणि आपला प्रसार आपण करावा, आणि हे साधले की मिशनने तेथून उठावे. इंग्रजी शाळांवरील खर्चास कात्री लागली. खेड्यांतील लहान मंडळ्या व देशी पाळक यांवर भर आला. १८५४ सालीच हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक या, १८३९ च्या सुमारास ख्रिस्ती झालेल्या दोघा ब्राह्मणांना पाळकपदाची दीक्षा मिळून नगरच्या मंडळ्या त्यांच्याकडे सोपविण्यात आल्या.

सिद्धांत निर्दोष, पण अंमल लंगडा. खेड्यातील मंडळी खर्च सोसणार कशातून? जी माणसे स्वतः बलुत्यावर जगत होती त्यांच्या दानपात्रात पाळकाचा पगार निघणार नव्हता. तो मिशनच्या तिजोरीतूनच निघे, आणि पगार देणाऱ्याचा हुकूम चालतो हा कचेरीतील नियम मंडळीतही चालला. मधला मार्ग म्हणून पुढे आला तो मिशनच्या शाळेचा ‘मास्तर’. दिवसा मुलांना बाराखडी शिकविणारा, संध्याकाळी प्रार्थना घेणारा, आजाऱ्याला औषध व अडलेल्याला अर्ज लिहून देणारा हा मनुष्य कुठल्याही शास्त्रीय यादीत प्रेषित म्हणून बसत नाही. तरी महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांच्या मंडळ्या प्रत्यक्षात कुणी उभ्या केल्या असे विचाराल तर बंगल्यातील साहेबाआधी मी या मास्तराचे आणि बायकांच्या ओसरीवर जाऊन बसणाऱ्या बायबलबाईचे नाव घेईन. त्यांची नावे अहवालांत क्वचितच येतात.

पौलाची पद्धत, शब्दशः

पौलाची रीत येथे जशीच्या तशी लावून पाहू, असे म्हणणाराही एक निघाला. विल्यम टेलर हा अमेरिकन मेथडिस्ट १८७१ च्या अखेरीस मुंबईस आला, घरोघर छोटे गट बांधले, परदेशी निधी घेण्याचे नाकारले, आणि पुणे, कलकत्ता, मद्रास, सिकंदराबाद अशा शहरांत मंडळ्या उभ्या करून १८७५ साली देश सोडून गेला; नंतर या पद्धतीस पौलाचे नाव देऊन त्याने पुस्तकही लिहिले. मंडळ्या टिकल्या. परंतु त्यांत होते कोण? बहुतांशी इंग्रजी बोलणारे युरोपीय आणि अँग्लो-इंडियन, रेल्वेत व कचेऱ्यांत नियमित पगार मिळविणारे, शास्त्र लहानपणापासून ऐकलेले लोक. म्हणजे टेलरलाही त्याचे सभास्थान सापडले होते, दूध कोमट मिळाले होते. त्या बीजातून निजामाच्या राज्यात पसरलेले मेथडिस्ट काम पुढे बीदरकडे वळले तेव्हा तेथल्या ग्रामीण, दरिद्री मुलखात त्यांनाही इस्पितळे, वसतिगृहे आणि परदेशी निधी यांचा आधार घ्यावाच लागला.

१९१२ साली रोलंड अ‍ॅलन या इंग्रज धर्मोपदेशकाने पौलाच्या व आधुनिक मिशनच्या पद्धतींची तुलना करून असा ठपका ठेवला की मिशनऱ्यांना माणसांवर विश्वास टाकता येत नाही, म्हणून त्यांना निघून जाता येत नाही. योगायोग असा की त्याच वर्षाच्या डिसेंबरात व्ही. एस. अझरिया हे अँग्लिकन परंपरेतील पहिले भारतीय बिशप झाले, आणि त्यांचे क्षेत्र होते निजामाच्याच राज्यातील तेलुगू भागाचे दोर्नकल. तेथे आलेले प्रचारक परदेशी नव्हते. तिरुनेलवेलीच्या तमिळ ख्रिस्ती लोकांनी आपल्या वर्गणीतून ते पाठविले होते. अंत्युखियाने बर्णबास पाठविण्याचे जे चित्र वर आले, त्याच्या इतके जवळचे दुसरे उदाहरण हैदराबाद संस्थानात मला आढळत नाही.

मराठीत या अस्वस्थतेस वाचा फोडली ती नारायण वामन टिळकांनी. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या, अमेरिकन मराठी मिशनमध्ये दीर्घकाळ सेवा केलेल्या या कवीने १९१७ साली मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो, ख्रिस्ताला गुरू मानणाऱ्या प्रत्येकास त्यात जागा होती. दोनच वर्षांत, १९१९ च्या मे महिन्यात, टिळक वारले, आणि दरबाराची घडी बसण्यापूर्वीच त्याचा कर्ता गेला. ‘वडील’ नेमण्यास त्यांना सवड मिळाली नाही.

नांदेड-लातूरकडे वळताना

१९४८ साली संस्थान संपले, आणि पुढल्या दशकांत परदेशी मिशनरीही क्रमाक्रमाने गेले. ज्या निरोपाची चर्चा शंभर वर्षे चालली तो अखेर इतिहासाने परस्पर घडवून आणला. प्रेस्बिटेरियन, अँग्लिकन, नगरच्या मिशनची परंपरा आणि आणखी काही पंथ १९७० च्या नोव्हेंबरात नागपूर येथे एकत्र येऊन उत्तर भारतीय मंडळी, म्हणजे सी. एन. आय., स्थापन झाली. मेथडिस्ट शेवटच्या क्षणी बाहेर राहिले. कॅथलिकांचा औरंगाबाद धर्मप्रांत १९७७ साली निराळा झाला. प्रेषितपदाविषयी मात्र या प्रवाहांची मते निरनिराळी आहेत. कॅथलिकांच्या मते प्रेषितांचा अधिकार अखंड परंपरेने बिशपांकडे येतो. जुन्या प्रॉटेस्टंटांच्या मते ते पद पहिल्या साक्षीदारांबरोबर संपले, उरले ते केवळ त्यांचे लेखन. आणि पेंटेकॉस्टल प्रवाहातील अनेकांच्या मते ती देणगी आजही दिली जाते.

पत्र्याच्या छपराखालील नव्या मंडळ्या बहुधा या तिसऱ्या प्रवाहातल्या. त्यांचा पाळक स्थानिक, भाषा स्थानिक, खर्च बव्हंशी स्थानिक. अँडरसन व अ‍ॅलन यांनी जे मागितले त्यातील पुष्कळसे येथे कुणी न सांगता साधले आहे. अडचण निराळीच आहे. १९५० च्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शिखांचा व १९९० मध्ये बौद्धांचा त्यात समावेश झाला, ख्रिस्ती झालेल्यांचा नाही. त्यामुळे बाप्तिस्म्याची नोंद करण्यास अनेक कुटुंबे कचरतात, आणि वडील निवडावयाचे तर सभासद कोण याची यादीच धड राहत नाही. २०११ च्या जनगणनेत साऱ्या महाराष्ट्रात ख्रिस्ती म्हणून नोंदलेले लोक सुमारे १०.८ लाख, शेकड्यास एकाहूनही कमी; त्यातही मोठा वाटा मुंबई, ठाणे व वसईचा. टिळकांच्या दरबारातील ते नोंद नसलेले अनुयायी येथे निराळ्या कारणाने पुन्हा भेटतात.

दुसरी अडचण संस्थापकाची. स्वतःस प्रेषित म्हणविणाऱ्याची पारख करण्याची गरज काही आजच उत्पन्न झालेली नाही. ‘दिदाखे’ नावाची एक प्राचीन ख्रिस्ती नियमपुस्तिका, जिची हस्तलिखित प्रत १८७३ साली कॉन्स्टँटिनोपल येथे सापडली, ती पहिल्या शतकाच्या अखेरीची किंवा दुसऱ्याच्या आरंभीची असावी. तीत असा दंडक आहे की येणाऱ्या प्रेषिताचे आदराने स्वागत करावे, पण त्याने एक दिवस, फार तर दोन दिवस राहावे. तिसरा दिवस काढला तर तो खोटा समजावा, आणि निघताना भाकरीखेरीज पैसे मागितले तरीही खोटाच समजावा. इतका कडक नियम ज्यांना करावा लागला त्यांनी मुक्काम वाढविणारे पाहुणे पुष्कळ पाहिले असले पाहिजेत. आज तो प्रश्न न्यासाच्या कागदपत्रांत उतरला आहे: जागा मंडळीच्या नावे की पाळकाच्या, धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेल्या विश्वस्तांत घरचीच माणसे किती, आणि पुढचा पाळक निवडण्याचा अधिकार घटनेत कुणास दिला आहे.

पौलाने या बाबतीत स्वतःपुरता जो हिशेब मांडला तो रोमकरांस लिहिलेल्या पत्रात आहे. यरुशलेमेपासून आजच्या अल्बानियाच्या किनाऱ्यापर्यंतच्या प्रदेशात आता आपल्याला काम उरले नाही, सबब आपण स्पेनकडे निघणार, असे तो कळवितो. वस्तुतः त्या अफाट मुलखात तेव्हा ख्रिस्ती माणसे नगरागणिक काही डझन असतील नसतील. परंतु निवडक नगरांत आपले वडील, आपले घर आणि आपला खर्च असलेली मंडळी उभी होती, आणि भोवतालच्या खेड्यांची जबाबदारी तिची, हे त्याने धरून चालविले होते. हाच हिशेब लाविला तर उदगीर, निलंगा, कंधार व देगलूर अशा चार ठिकाणी स्वतंत्र उभ्या राहिलेल्या चार मंडळ्या पाहून पौलाने दोन्ही जिल्ह्यांतील आपली कामगिरी संपल्याचे कळविले असते, आणि पुढे आदिलाबादची वाट विचारली असती.